शनिवारी पाडायची भिंत

मी आयुष्यात बांधलेली पहिली भिंत आठवडाभरही उभी राहिली नाही. ती पडली नाही, मीच पाडली. सोमवारी दोरी लावायची, शुक्रवारपर्यंत भिंत डोक्याच्या वर न्यायची आणि शनिवारी सकाळी ती पाडून, विटा खरवडून पुन्हा रचून ठेवायच्या, असा आमच्या गवंडीवर्गाचा शिरस्ता होता. एकोणीसशे साठच्या आगेमागे अमरावतीच्या एका सरकारी प्रशिक्षण संस्थेत मी हे काम शिकलो. सुतार, लोहार, वायरमन आणि आम्ही गवंडी, असे वर्ग एका लांबलचक शेडमध्ये भरत. सुतारवर्गातल्या पोरांनी केलेली स्टुलं कचेरीत जात, लोहारांच्या बिजागऱ्या कुठल्या तरी दाराला लागत. आमचं मात्र काही म्हणजे काही शिल्लक राहत नसे.

आमच्या भिंतीत सिमेंट नसे. चाळलेल्या मातीचा गारा आणि त्यात थोडा चुना, तोही जेमतेम धरेल इतकाच. सिमेंट घातलं तर वीट सुटी कशी व्हायची? विटा सरकारने एकदाच दिल्या होत्या, पोरं मात्र दरवर्षी नवी येत. आमच्याआधी किती हात त्या विटांना लागले होते देव जाणे. कोपरे झिजून त्या वापरलेल्या साबणाच्या वड्यांसारख्या झाल्या होत्या, आणि अशा विटांची धारदार भिंत उठवा असा मास्तरांचा हट्ट. मास्तर साताऱ्याकडचे, मोजकं बोलणारे. शनिवारी सकाळी ते हातात खडू घेऊन येत, एकेका भिंतीला ओळंबा लावून ती सरळ उभी आहे का बघत, बाहेर आलेल्या किंवा आत गेलेल्या थरावर खडूची रेघ मारत आणि शेवटी एकच शब्द बोलत, "पाडा."

त्या शब्दाने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बाकीची पोरं हसत-खिदळत भिंती पाडत, जणू पाडण्यासाठीच आठवडाभर घाम गाळला होता. मी शुक्रवारी संध्याकाळी वसतिगृहातून उगाचच शेडकडे चक्कर मारायचो. आपली भिंत एकदा या बाजूने बघायची, एकदा त्या बाजूने. परत यायचो, पाणी प्यायचो, पुन्हा निघायचो. एका जागी बसणं मला लहानपणापासून जमलं नाही. जेवतानासुद्धा मी मध्येच उठायचो. माय म्हणायची, "याच्या खाली कोणं इंगळ ठेवला काय रे?"

पण तेव्हाची माझी तगमग नुसती स्वभावाची नव्हती. मला एक उभी भिंत हवी होती, वडिलांना दाखवायला. ती दाखवता आली नाही, तर मला अकोल्याला परत जाऊन वस्तरा हाती घ्यावा लागणार होता.

आम्ही न्हावी. अकोल्याच्या जुन्या शहरात आमचं दोन खोल्यांचं घर होतं आणि त्यातली पुढची खोली म्हणजे दुकान; घरच्यांची ये-जा मागच्या बोळातल्या दाराने. गल्लीत उघडणारं रुंद दार, समोर एक खुर्ची, भिंतीला आरसा, खिळ्याला वस्तरा पाजवायचा चामड्याचा पट्टा. वडिलांच्या हाताची मोर्णा नदीच्या दोन्ही काठांवर ख्याती होती. त्यांच्या हाताखाली गिऱ्हाईक झोपी जाई. डाव्या तळव्याने ते गाल असा हळूच ताणून धरत की माणसाच्या खांद्यातला ताठा गळून पडे. दाढी झाली की बोटांची मागची बाजू गालावरून खालून वर फिरवायची, कुठे खुंट लागतो का बघायचं, ही त्यांची शेवटची तपासणी. त्यावेळी त्यांचे डोळे मिटलेले असत.

मला त्यांनी वस्तरा शिकवला तो पालथ्या माठावर. माठाला साबण फासायचा आणि फेस तेवढा वस्तऱ्याने उतरवायचा. खर्र आवाज झाला की पाठीत धपाटा. मी शिकलो, चांगला शिकलो, पण मन रमलं नाही. ज्याची हजामत करून माणूस बनवून पाठवावा, तो पंधरवड्याने तसाच रानटी होऊन पुन्हा दारात उभा! वडिलांनी इतकी वर्षं केलेलं काम दाखवा असं कोणी म्हटलं तर ते काय दाखवणार? संध्याकाळी झाडून उकिरड्यावर टाकलेला केसांचा ढीग? गल्लीच्या टोकाला तेव्हा एक शाळा बांधून होत होती. मी दुकानातून निसटून तिथे जाऊन उभा राहायचो. काल कमरेएवढी असलेली भिंत आज छातीपर्यंत आलेली दिसली की मला आतून बरं वाटायचं, आणि दुकानात परतलो की पुन्हा जीव घुसमटायचा.

मॅट्रिकला आपटी खाल्ल्यावर मी सरळ सांगून टाकलं. "बाबा, मले गवंडीकाम शिकाचं हाये. अमरावतीले."

ते पट्ट्यावर वस्तरा पाजवत होते. "कावून? घरात धंदा हाये, बसाले सावली हाये. उन्हात विटा उचलाची हौस आली तुले?"

"तुमचं काम राह्यत नाई. वाढून येते."

पट्ट्यावरचा हात थांबला. मला वाटलं आता कानाखाली बसते. ते शांतपणे म्हणाले, "आणि तुयं राहीन?"

"राहीन."

"बरं. मंग दाखव मले एक उभी भिंत. तुया हातची. दिवाळीच्या आत. नाई दाखवली तं गुमान दुकानात येऊन बसाचं."

दिवाळी त्यांनी उगाच म्हटली नव्हती. न्हाव्याचा तळवा मऊ लागतो, आणि चुना कातडी खातो. दोन-तीन महिन्यांचं नुकसान तेल चोळून भरून येतं, वर्षभराचं येत नाही. मी परत फिरायचं असेल तर हात मरायच्या आधी फिरावं, एवढाच त्यांचा हिशेब होता. मी मात्र छाती फुगवून हो म्हणालो. शनिवारची भानगड मला तेव्हा कुठे ठाऊक होती!

आणि घोळ असा की, वडील येणार तर शनिवारीच. आमच्या भागात शनिवारी कोणी डोक्याला कात्री लावू देत नाही. एरवी दुकान सोडून ते नदी ओलांडत नसत, पण शनिवार त्यांचा मोकळा. ज्या दिवशी माझ्या बापाला सवड, त्याच दिवशी माझी भिंत जमीनदोस्त.

भिंतीला दोन माणसं लागतात, दोरीच्या दोन टोकांना. माझ्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला बाळापूरजवळच्या एका खेड्यातला पोरगा होता. त्याच्या घरच्यांनी छप्पन साली बौद्ध धर्म घेतला होता, आणि घरातून बाहेर पडून सरकारी दाखल्याचं काम शिकणारा तो पहिलाच. माझ्या अगदी उलट. मी एका थरासाठी चार विटा उचलून खाली ठेवायचो, तो एकच उचलायचा आणि तीच लावायचा. चुन्याने माझी बोटं फुटून रक्त आलं तेव्हा त्याने गावाकडून आणलेलं मेण मला दिलं आणि म्हणाला, "चोळून घे. पण लय मऊ नोको ठेवू, वीट निसटते."

मी न्हाव्याचा आहे हे वसतिगृहात फार दिवस लपलं नाही. रविवारी सकाळी व्हरांड्यात रांग लागायला लागली. कोणी कात्री पैदा केली, कोणी आरशाचा तुकडा. ज्या खुर्चीपासून मी जिवाच्या आकांताने पळालो होतो, ती माझ्याआधीच अमरावतीला पोचली होती! मी चरफडत कापायचो. माझा जोडीदार मात्र रांगेत कधी यायचा नाही. त्याचे केस कानांवर उतरले तेव्हा मी एकदा विचारलंच, "तू कावून नाई बसत?"

तो म्हणाला, "आमच्या गावचा न्हावी आमच्या डोक्याले हात लावत नाई. आमचे बाबाच कापत आले. म्हटलं, तुले विचारावं का नाई."

मला राग आला. त्याचा की माझ्या जातीच्या त्या गावच्या माणसाचा, कोण जाणे. "बस," एवढंच म्हणालो आणि रागाच्या भरात कापत सुटलो. डाव्या बाजूचे जास्तच उडाले. त्याने आरशाचा तुकडा दोन्हीकडून फिरवून पाहिला आणि गंभीरपणे म्हणाला, "ओळंब्यात नाई आले." त्या दिवशी मी किती तरी आठवड्यांनी खळखळून हसलो.

दसऱ्याच्या सुमारास मामा काही कामाने अमरावतीला आले, तेव्हा मायचा निरोप घेऊन आले. वडिलांचा उजवा हात हलतो. ते कोणाला सांगत नाहीत, पण गिऱ्हाइकांच्या हनुवटीवर तुरटी फार लागायला लागली आहे. मी पुढच्याच रविवारी बडनेऱ्याहून गाडी धरून घरी गेलो.

दुकानात गर्दी होती, म्हणजे पूर्वीच्या निम्मी. मी कोपऱ्यात उभं राहून बघत होतो. वडिलांनी फेस लावला, वस्तरा उघडला. हवेत होता तोवर वस्तऱ्याचं टोक बारीक थरथरत होतं. मग त्यांनी करंगळी गिऱ्हाइकाच्या जबड्यावर टेकवली आणि हात एकदम स्थिर झाला. टेकू मिळाला की चालायचा, उचलला की पुन्हा थरथर. गळ्यापाशी करंगळी ठेवायला जागा नसते. तिथेच कापलं. ते काहीच न घडल्यासारखं तुरटी फिरवत म्हणाले, "तुमची कातडी नाजूक झाली, भाऊ."

मला ते बघवेना. पुढचं गिऱ्हाईक जुनं, माझ्या लहानपणापासून येणारं. मी पुढे होऊन म्हणालो, "बाबा, मी घेतो." त्यांनी वस्तरा दिला. मी फेस लावला आणि डाव्या हाताने गिऱ्हाइकाचा गाल धरला, तसं ते खुर्चीतल्या खुर्चीत दचकलं. "अबे, हात हाये का कानस?"

दुकानात सगळे हसले. मीही हसलो. वडील हसले नाहीत. ते माझ्या हाताकडे बघत होते. मी दाढी पुरी केली, चांगली केली, पण गाल न धरता, नुसत्या वस्तऱ्याच्या भरवशावर. म्हणजे इकडे त्यांचा हात कामातून चालला होता आणि तिकडे माझा. दुकानाला आता दोघांपैकी कोणाचा हात उरणार, हा प्रश्न आम्हा दोघांच्याही तोंडावर लिहिला होता आणि विचारत कोणीच नव्हतं. संध्याकाळी निघताना मला ते सहन झालं नाही. मी दारातून मागे वळून म्हणालो, "शनिवारी या, बाबा. भिंत पाह्याले."

बोलून गेलो खरा. बडनेऱ्यापर्यंत गाडीत मला बसवेना, मी दारात उभा राहिलो. त्यांना काय दाखवायचं होतं मी? आणि त्यांना आवडली तर काय, त्यांनी तो हात घेऊन एकट्याने दुकान चालवायचं? नाही आवडली तर मी कानशीसारखा तळवा घेऊन लोकांचे गाल सोलायचे? कुठल्याही बाजूने विचार केला तरी जीव थाऱ्यावर येईना.

सोमवारी मी मास्तरांना गाठलं. एका दिवसापुरती आमची भिंत ठेवा, वडील येताहेत, असं सांगितलं. ते म्हणाले, "शुक्रवारी बोलव."

"शुक्रवारी दुकान असतं, सर."

"आणि सोमवारी मला विटा लागतात. एकाची ठेवली तर उद्या सगळ्यांचे वडील येतील." मग माझं तोंड बघून जरा नरमले. "तुमची सगळ्यात शेवटी धरा. पण दुपारच्या सुट्टीआधी जमीन मोकळी दिसली पाहिजे."

तो आठवडा मी माझ्या जोडीदाराला भंडावून सोडलं. एक थर तर मी इतक्या वेळा उचलून पुन्हा लावला की गारा वाळून भुगा झाला. शेवटी त्याने माझ्या हातातली थापी काढून घेतली. "आता हात काढ भिंतीवरून. तिले बसू दे."

शनिवारी मास्तर खडू घेऊन आले. आमच्या भिंतीला त्यांनी चारही ठिकाणी ओळंबा लावला आणि खडू तसाच खिशात टाकला. एकही रेघ नाही. असं आधी कधी झालं नव्हतं. "पाडा," ते म्हणाले आणि पुढे गेले.

शेडमध्ये धूळ उठली. एकेक भिंत खाली आली. आम्ही दोघं थांबलो होतो. बडनेऱ्याहून अमरावतीला येणारी शाखेची गाडी तेव्हा बहुधा उशिराच येई, आणि त्या दिवशी ती जास्तच उशिरा आली. मी फाटकापर्यंत जाऊन आलो, पुन्हा गेलो, पुन्हा आलो. मास्तरांनी लांबूनच घड्याळाकडे बोट दाखवलं. नाइलाजाने आम्ही वरचा थर काढायला घेतला. एकेक वीट सोडवायची, सावकाश खरवडायची, नीट रचायची. एरवी खांद्याच्या धक्क्याने आडवी होणारी भिंत आम्ही सोन्याची असल्यागत उतरवत होतो.

ती कमरेपर्यंत आली होती तेव्हा वडील शेडच्या दारात दिसले. धुतलेलं धोतर, टोपी आणि काखेत धोपटी. वस्तरे, कात्र्या, वाटी असा सगळा सरंजाम असलेली ती कातड्याची पिशवी त्यांच्या वडिलांपासून चालत आलेली. ती घेऊन ते गावाला कधी जात नसत. ती बघितली आणि मला कळलं की ती माझ्या हाती द्यायलाच आणली आहे.

ते जवळ आले. माझ्या हातात वीट, अंगावर धूळ. "काय करून राहिला?"

"पाडून राहिलो."

"कावून?"

"शनिवार हाये."

त्यांना काही उमगेना. "तुनंच बांधली, आणि तूच पाडून राहिला?"

मास्तरांनी येऊन नमस्कार केला आणि सगळा प्रकार समजावून सांगितला, विटा मोजक्या, पोरं पुष्कळ. वडिलांनी मान डोलावली. मग ते राहिलेल्या भिंतीपाशी वाकले आणि त्यांनी तेच केलं जे ते आयुष्यभर करत आले होते. डोळे मिटून बोटांची मागची बाजू भिंतीवरून खालून वर फिरवली. मधल्या एका सांध्यापाशी थांबले. "इथं लागते."

तिथे गारा कणभर बाहेर राहिला होता. मास्तरांच्या नजरेतून सुटलेला. माझा जोडीदार हसला, वडीलही किंचित हसले. "पण हे सरळ हाये हे कसं कयते?" त्यांनी विचारलं.

जोडीदाराने ओळंबा त्यांच्या हातात दिला. दोरी वर धरायची, खाली लोखंडी लोलक लोंबू द्यायचा, तो थांबला की भिंतीशी ताडून बघायचं. वडिलांनी उजव्या हाताने दोरी धरली. लोलक हलत राहिला. आम्ही वाट बघत होतो. तो या बाजूला गेला, त्या बाजूला गेला, गोल फिरला. जोडीदाराने खाली बसून लोलक मुठीत धरला, स्थिर केला आणि अलगद सोडला. तो पुन्हा हलायला लागला. तिथे करंगळी टेकवायला गाल नव्हता. दुकानात जे ते इतके महिने लपवत होते, ते त्या दोरीने खाली उतरून सगळ्यांसमोर डोलत होतं. मला वाटलं ओरडावं, ओळंबा हिसकावून घ्यावा, पण माझा हात उचलला गेला नाही.

वडील म्हणाले, "वारा हाये."

शेडमध्ये धूळसुद्धा जागच्या जागी तरंगत होती. माझ्या जोडीदाराने खालूनच वर बघितलं आणि म्हणाला, "हो बाबा. इथं वारा लय असते." आणि त्यांच्या हातातून ओळंबा काढून घेतला.

मग वडील विटांच्या चळतीवर बसले. "चाला, पाडा," म्हणाले. शेवटची वीट निघेपर्यंत ते तिथेच बसून राहिले. जमीन मोकळी झाल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं, माझे दोन्ही तळवे हातात घेतले आणि अंगठ्याने चाचपले. "हा हात आता गालावरचा नाई राह्यला."

मी म्हणालो, "मी येतो, बाबा, दुकानात. तेल लावतो, होईन मऊ. तुमचा हात..."

"माया हाताले काय झालं?" त्यांनी दरडावलं. मग विचारलं, "पाडताना राग येते तुले?"

"येते. लय येते."

"मले कधी आला नाई. केस वाढत, मले बरं वाटे. म्हणजे मानूस पुन्हा येईन. न वाढते तं माया दारात कोण आलं असतं?" ते हे तक्रारीच्या सुरात बोलले नाहीत, नुसतं सांगितलं. मी ज्याची चीड धरून घराबाहेर पडलो, त्याच्याच आधाराने हा माणूस इतकी वर्षं सुखाने उभा होता, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलंही नव्हतं.

स्टेशनवर गाडी लागली तेव्हा ते धोपटीसकट डब्यात चढले. माझी नजर तिच्यावर आहे हे त्यांनी पाहिलं. "हे तुले कायले? तुया हातात नाई बसत आता. शिकणं पुरं कर." गाडी सुटली आणि मी सुटल्यासारखा नव्हे, उलट बांधल्यासारखा उभा राहिलो. त्यांनी मला मोकळं केलं होतं, आणि मला ते मोकळेपण अजिबात पेलवत नव्हतं.

पुढचे सगळे शनिवार मी त्याच भिंती पाडल्या. वडिलांनी वस्तरा बंद केला आणि नुसत्या कात्री-मशीनवर केस कापायला लागले, कारण मशीन डोक्यावर टेकून चालतं. दाढीची गिऱ्हाइकं गेली, मग त्यांच्या मागोमाग केसांचीही गेली. शिक्षण संपवून मी अकोल्याला परतलो आणि एका कंत्राटदाराकडे सरकारी क्वार्टर्सच्या कामावर लागलो, पण तिथे माझ्या हाती घमेलंच जास्त आलं, थापी कमी. संध्याकाळी घरी यावं तर वडील रिकाम्या खुर्चीशेजारी बसलेले, आणि गल्लीतून जाणारा प्रत्येक माणूस रुंद दारातून आत डोकावून विचारणार, "हात कसा हाये?"

एक दिवस ते म्हणाले, "दुकानाचं दार बुजव. दार उघडं हाये तोवर लोक पुसतच राह्यतीन. खिडकी ठेव वरतं, उजेडापुरती. शनिवारी कर. शनिवारी कोणी येत नाई."

मी वाद घातला, दुकान राहू द्या म्हणालो. आश्चर्य म्हणजे मीच! त्यांनी ऐकलं नाही. मी बाळापूरला निरोप धाडला, कारण दोरीचं दुसरं टोक मला दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायचं नव्हतं.

माझा जोडीदार सकाळीच आला, केस पुन्हा कानांवर. आम्ही चौकट काढायच्या तयारीत होतो, तेवढ्यात वडील त्याला म्हणाले, "बस." तो माझ्याकडे बघायला लागला. वडिलांनी त्याच्या गळ्यात कापड बांधलं, मशीन त्याच्या मानेवर टेकवलं आणि कापायला सुरुवात केली. गल्लीतली दोन माणसं दारात थबकली, सकाळी त्याने घातलेला 'जय भीम' त्यांनी ऐकला होता, काही बोलायच्या बेतात होती; वडिलांनी वर बघितलंसुद्धा नाही. मशीन उचललं की हात हलायचा, टेकलं की थांबायचा. जोडीदार मान खाली घालून बसला होता. पुरं झाल्यावर त्याने आरशात पाहिलं आणि म्हणाला, "ओळंब्यात आले, बाबा." त्या खुर्चीवर नंतर कोणी बसलं नाही.

चौकट निघाली. आम्ही दोरी बांधली आणि थर चढवायला लागलो. गारा नव्हता, सिमेंट होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी तळापासून माथ्यापर्यंत अशी भिंत बांधत होतो जी सुटी व्हायची नव्हती, आणि तिने बंद होत होतं ते माझ्या बापाचं दार. ज्यासाठी मी हट्ट करून घर सोडलं होतं ते मला मिळत होतं. मला ते नको होतं. हात मात्र चुकत नव्हता. जसजशी भिंत वर गेली तसतसा गल्लीचा गलका कमी झाला, आरसा अंधारात गेला, वडील आतल्या बाजूला बसून एकेक वीट बसताना बघत राहिले.

संध्याकाळी खिडकीपाशी शेवटची वीट बसली. मी थापी धुतली आणि ओळंबा गुंडाळून ठेवला. वडील उठले. भिंतीजवळ आले, डोळे मिटले आणि बोटांची मागची बाजू खालून वर फिरवली. कुठेच थांबले नाहीत.

"हे कधी पाडाचं?"

"हे नाई पाडत, बाबा."

त्यांनी मान हलवली. मग उजवा तळवा ओल्या सांध्यांवर सपाट टेकवला आणि तसेच उभे राहिले. मी म्हणालो की हाताला सिमेंट लागेल, चला आतल्या खोलीत. ते हलले नाहीत. भिंतीवर टेकलेला तो हात थरथरत नव्हता.